वैष्णवीच्या हाताचा गुण

"वैष्णवी, आधी मले लाव वं. सोमवारी मेडिकल हाय माही."

अंजूनं पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला. गजकर्णानं पोटरी पार वेढली होती. यवतमाळच्या त्या होस्टेलात पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या साऱ्या पोरी खाजवून खाजवून बेजार झाल्या होत्या. मेडिकलवाल्यानं दिलेली ट्यूब लावली की चार दिवस आराम, मग दुप्पट जोर. अंजूचं ग्राउंड झालं, लेखी झाली. आता या चट्ट्यांपायी नोकरी हुकली तर तांड्यावर बापाला अन् याडीला तोंड कसं दाखवायचं?

आणि ही वैष्णवी! मुकुटबनची. त्याच खोलीत झोपायची, उघड्या हातानं सगळ्यांना मलम लावायची, आणि अंगावर एक डाग असेल तर शपथ! कातडी अशी नितळ, की बघतच राहावं.

"हिले काहीच कसं होत नाही?" निशिगंधा डोळे विस्फारून म्हणायची. "देवानंच पाठवलं हिले आपल्यासाठी."

"काहीतरीच," वैष्णवी खाली मान घालून मलम चोळत राहायची.

तिच्या हाताला गुण आहे, हे ठरूनच गेलं. मग तिचा टॉवेलही शकुनाचा झाला. आंघोळ झाली की पोरी त्यानंच अंग पुसायच्या, वरून भांडायच्या. वैष्णवीनं तो लपवून पाहिला. पोरींनी शोधून काढला.

शेवटी अंजूनं कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं ठरवलं.

"तू चाल माह्यासंगं," ती वैष्णवीला म्हणाली.

"मी कायले? निशिगंधाले ने. माहा क्लास हाय."

"तू नसशील तर मले गुण येणार नाही. नोकरीचा सवाल हाय, वैष्णवी!" अंजूचे डोळे भरून आले. वैष्णवीला मग नाही म्हणवेना.

ऑटोत अंजूनं तिचा हात सोडला नाही. असं माणूस आपल्या खोलीत, आपल्या शेजारच्या खाटेवर असावं, याचंच तिला राहून राहून नवल वाटत होतं.

डॉक्टरीणबाईंनी पोटरी पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "ट्यूबनं वाट लावली. साधं औषध आता याला दाद देणार नाही. गोळ्या घ्याव्या लागतील, बरेच आठवडे. सोमवारपर्यंत काही जात नाही हे."

अंजूला रडूच फुटलं. "मॅडम, काहीही करा, पन माहं अंग हिच्यासारखं करा!" तिनं दाराशी अंग चोरून उभ्या असलेल्या वैष्णवीकडे बोट दाखवलं.

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली आणि ओळखीचं हसल्या.

"अगं वैष्णवी! गेले की तुझे सगळे चट्टे. पण दिवाळीच्या आधीच म्हटलं होतं ना तुला, खोलीतल्या मुलींना लगेच घेऊन ये म्हणून?"