मेल्याची खबर

कावळा डोक्यावर बसला तेव्हा पुंडलिकराव खळ्यात सांडलेले धानाचे दाणे एकेक करून वेचत होता. कावळा बसला, चोच मारली आणि उडून गेला.

बाजूच्या खळ्यातून म्हातारी गोदावरीबाई ओरडली, "अगा बापा! पुंडलिक, कावळा बसला ना तुह्या डोक्यावर! हे मरनाचं लक्षन होय."

"मंग आता का करू?"

"मेल्याची खोटी खबर धाड रक्ताच्या मानसाले. आपलं मानूस रडलं का मरन टळते. मंग दुसरी चिठ्ठी धाडजो, मी जिता आहो म्हून. पन रडनं खरंखुरं पाहिजे हं!"

आंधळगावात अशी खबर धाडणं काही नवं नव्हतं. पण पुंडलिकरावासाठी रडणार कोण? चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, असा हा माणूस. बायकोची तेरवी त्याने तीन माणसांत उरकली होती. त्याच्या दारात भिकारी सोडा, कुत्रंही आशेने थांबत नसे. उरली एकुलती लेक पुष्पा, साकोलीला दिलेली. लेक माहेरी आली की लुगडं-चोळी करावी लागते, म्हणून सात वर्षांत त्याने तिला एकदाही आणलं नव्हतं.

त्याने पोस्टातून एक कार्ड घेतलं. मरणाची खबर म्हणून कोपरा फाडला आणि गोदावरीबाईच्या नावाने पुष्पाला लिहिलं, 'पुंडलिकराव वारले.' दुसऱ्या कार्डाचे पंधरा पैसे काही त्याच्या हातून सुटेनात. जिवंत आहे हे कळेलच कधीतरी, त्याला कशाला पैसे घालवायचे!

पण तीन दिवसांत त्याची झोप उडाली. पोरगी रडलीच नसली तर? छातीत जरा कळ आली की वाटे, संपलं. शेवटी चौथ्या दिवशी जीव मुठीत धरून तो पहिल्या एस.टी.त बसला. रडते की नाही, ते डोळ्यांनीच पाहायचं.

साकोलीत नाताळाची सुटी होती. शाळेच्या पटांगणात पोरं कंचे खेळत होती. पुंडलिकरावाने पानठेल्यावर जावयाचं, धनीरामचं, घर विचारलं.

"समोरच्या गल्लीत. पन घरी मानसं नाही भेटनार, भाऊ. सारे मातीले गेले."

पुंडलिकराव मिशीत हसला. पोचलं म्हणायचं कार्ड! ते बिचारे मातीला आंधळगावच्या वाटेवर, आणि मुर्दा इकडे पानठेल्यावर उभा!

गल्लीच्या तोंडाशीच रडणं ऐकू आलं. त्याने कुडाच्या फटीतून आत पाहिलं. अंगणात बायांच्या घोळक्यात पुष्पा बसली होती. केस सुटलेले, घसा पार बसलेला.

"आता कोनाच्या तोंडाकडे पाहून जगू वो माय!" म्हणत ती ऊर बडवत होती.

मरण टळलं, हे पुंडलिकरावाच्या ध्यानातही आलं नाही. ज्या लेकीला सात वर्षांत एक चिंधी दिली नाही, ती आपल्यासाठी असा जीव काढते? बायको गेली तेव्हा आलं नव्हतं ते रडू त्याला आता आलं. आणि शरम वाटली, अशी की जमीन फाटून पोटात घेईल तर बरं. दिवाळीआधी पुष्पाचं पत्र आलं होतं. पोरगा ईश्वर सारखा आजारी राहतो, नागपूरला दाखवावं लागतं, बाबा, थोडी मदत करा. ही जावयाची चाल, असं म्हणून त्याने पत्र फाडून टाकलं होतं. सहा वर्षांच्या नातवाचं त्याने तोंडही पाहिलं नव्हतं.

"मी नेतो त्याले नागपूरले," तो धोतराच्या सोग्याने डोळे पुसत पुटपुटला. "उद्याच नेतो."

पण इतक्या वर्षांनी लेकीच्या दारात रिकाम्या हाताने कसं जायचं? तो उलट्या पावली बाजारात गेला. पुष्पासाठी हिरवं पातळ घेतलं, किलोभर पेढे घेतले, चावीची मोटार घेतली. भाव केला नाही. जन्मात पहिल्यांदा.

"स्वेटर किती वर्षांच्या पोराले पाहिजे?" दुकानदाराने विचारलं.

"सहा. पन जरा मोठंच द्या. दोन-तीन हिवाळे पुरलं पाहिजे."

वाटेत एका आंधळ्या भिकाऱ्याच्या हातावर त्याने रुपया ठेवला. भिकाऱ्याने तो दोनदा चाचपून पाहिला. पुंडलिकरावाला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. तो जवळजवळ धावतच गल्लीत शिरला आणि अंगणात पाऊल टाकताटाकताच ओरडला.

"पुष्पा! रडू नको वो बाई! मी जिता आहो! कावळा बसला होता म्हून खोटं कार्ड धाडलं होतं!"

बायांनी वळून पाहिलं. पुष्पाने मान वर केली. बापाकडे, त्याच्या हातातल्या पुड्यांकडे ती बघत राहिली.

"कोनतं कार्ड?" ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "तुमाले कोनं सांगतलं बाबा, माहा ईश्वर गेला म्हून?"