उशिरा पडणारा पाय

काळ्या पडद्यावर नुसते पांढरे ठिपके नाचत होते. चेहरा नाही, केस नाहीत. मान, खांदे, कोपर, गुडघे, टाचा, जिथे जिथे अंगावर चमकते गोळे चिकटवले होते तेवढंच काय ते कॅमेऱ्यांनी टिपलेलं दिसत होतं. नाच शिकवण्यात आयुष्य गेलेल्या बाई या वयात तो घट्ट काळा पोशाख घालून नाचल्या होत्या आणि आता खुर्चीत बसून दम खात होत्या. मोबाइलवरचे खेळ बनवणाऱ्या कंपनीला त्यांचा नाच हवा होता. पोरांनी लढाई जिंकली की खेळातला सैनिक तोच नाच करून दाखवणार होता. सकाळी हे ऐकून बाईंना हसू आवरलं नव्हतं.

आता मात्र त्या हसत नव्हत्या. ठिपके वळले, मान किंचित झुकली, उजवी टाच जराशी उशिरा टेकली, आणि बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. पडद्यावर त्यांची आई नाचत होती. जाऊन कितीतरी वर्षं झालेली आई.

"काकू, हा पाय दर वेळी मागे राहतोय," संगणकापुढची मुलगी म्हणाली. "काळजी करू नका, मी सरळ करून घेते."

"आई, घोटा दुखतोय का तुझा?" शेजारी बसलेल्या लेकीने विचारलं.

"माझा नाही तो पाय. तुझ्या आजीचा आहे."

ऐन तरुणपणी आई रंगमंचावरून पडली होती आणि घोटा वाकडाच जुळला. मागे राहणारा पाय झाकायला ती मान झुकवायची, आणि लोक नेमके तिथेच वाहवा करायचे. घरी येऊन गरम पाण्यात पाय सोडून बसली की आई धुसफुसायची, मेल्यांना माझं लंगडणंच आवडतं. शिकवताना तर ती रडकुंडीला यायची. माझा नाच घे गं, माझा पाय नको घेऊस. पण बघून बघून शिकलेल्या पोरीला ते दोन वेगळे करता आले नाहीत.

"मग राहू दे ना तसाच," लेक म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

लहानपणी नाच शिकायला बोलावलं की लेकीच्या पोटात दुखायचं, आणि आता आजीचा पाय जपायला निघाली होती. पण बाईंना रागावता येईना. त्यांनाही तेच हवं होतं. आईचा नाच कधी कुणी टिपून ठेवला नव्हता. ती जी काही उरली होती, ती त्या टाचेत.

ठिपके पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. मान झुकली, टाच मागे राहिली. पुन्हा झुकली, पुन्हा राहिली. बस आता, दमलीस, असं आजीला सांगणारं त्या खोलीत कुणी नव्हतं.

"कर सरळ," बाई म्हणाल्या.

संगणकापुढच्या मुलीने काही कळा दाबल्या. टाच अगदी वेळेवर पडू लागली. मान अजून झुकत होती, पण आता तिला झाकायला काही नव्हतं. नाच देखणा झाला होता. नाचणारी कोण, ते बाईंना ओळखू येईना.

"आधीचं बाजूला ठेवून देऊ का?" मुलीने हळूच विचारलं. "कधी बघावंसं वाटलं तर परत आणता येतं."

लेकीने आशेने बाईंकडे पाहिलं.

"नको गं बाळा," बाई म्हणाल्या. "पुन्हा लंगडायला लावायचं का तिला?"