बालवाडी रामरावांच्या मळ्यात

"यंदा पोरं माझ्या मळ्यात यायला पाह्यजेत, बाई." रामराव बालवाडीच्या दारातच अडून उभे राहिले.

मालनबाई खडूचे हात पुसत बाहेर आल्या. जेवण कुठून येतं हे दाखवायला दर हिवाळ्यात त्या लेकरांना मळ्यात न्यायच्या, आणि दरवेळी तातेरावाच्याच. हे रामरावांच्या फार पोटात दुखायचं. बांधाला बांध लागलेला, पाणी एकच. वेळच्या वेळी फवारणी करून रामरावांनी पानावर कीड म्हणून ठेवली नव्हती. त्यांची टमाटी भोकरदनच्या बाजारात हातोहात जायची. तरी पोरं टाळ्या वाजवणार तातेरावासाठी!

"तसं न्हाई," बाई अडखळल्या. "तिथं लेकरं तोडून खात्यात."

"मंग माझ्यात काय तोंडं बांधून फिरवतो का त्यान्ला?"

बाईंनी शेवटी हो म्हटलं.

बायको दुर्गाबाई मात्र हरखली नाही. "राहू द्या की. तातेरावभाऊकडंच बरं होतं," एवढंच म्हणाली. रामरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. घरची माणसंसुद्धा त्याचीच!

पण सहलीच्या सकाळी तिनं पातेलंभर पोहे केले आणि मळ्याच्या तोंडाशीच लेकरांना पोटभर खाऊ घातले. रामरावांचा राग पळाला. असा पाहुणचार तातेरावानं कधी केला होता का?

पोरं वांगी बघून ओरडली, वेलांखाली शिरली. एकानं काकडीला हात घातला, तर दुर्गाबाईनं त्याला पटकन कडेवर उचललं.

"अगं, खाऊ दे की!"

"आत्ताच पोहे खाल्लेत. पोट दुखंल त्याचं."

मालनबाईंनी सगळ्यांना गोळा करून विचारलं, "सांगा बरं, आपलं जेवण कुठून येतं?"

"मळ्यातून!"

रामरावांची छाती फुगली. बांधापलीकडं तातेराव हातातलं काम टाकून ऐकत होता. असा मोका पुन्हा कुठला मिळायला! त्यांनी बालवाडीतल्याच आपल्या नातीला पुढं ओढलं.

"संगू, आपण रोज ताट चाटूनपुसून खातो, ती भाजी कोन्च्या मळ्यातली? मोठ्यानं सांग. त्या आजोबाला बराबर ऐकू गेलं पाह्यजे."

संगूनं बांधापलीकडं बोट केलं.

"त्याच आजोबाच्या! आपली औषध मारल्याली ऱ्हाती ना, ती दुसऱ्यान्ला इकायची, घरी न्हाई खायची, असं आजी म्हणती."