फक्त सभासदांसाठी

शेठच्या घरात आल्यापासून शिवणवाली एकदाही नीट टेकली नव्हती. खुर्चीच्या कडेवर बसायची, उठायची, खिडकीपाशी जाऊन यायची. जे बोलायला आली होती ते काही केल्या ओठांवर येत नव्हतं. समोर शेठ पलंगावर मांडी घालून बसला होता आणि तिची ही येरझार मुकाट्याने बघत होता.

वर्षापूर्वी याच शेठचं दुकान तिने बंद पाडलं होतं. टंचाईत त्याने धान्य दडवून ठेवलं, तेव्हा भर रस्त्यात तीच म्हणाली होती की आपण आपलं दुकान काढू. लोकांनी तिचं बोलणं उचलून धरलं. घराघरातून भागाचे पैसे जमले, जुन्या वखारीत एक खोली मिळाली, वर पाटी लागली आणि शिवणवाली अध्यक्ष झाली. शेठच्या दुकानात मग चिटपाखरूही फिरकेना. त्याने उरलासुरला माल मिळेल त्या भावाने विकून टाकला आणि घरी बसला.

दुकान निघालं खरं, पण ते चालवायचं कसं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. यंदा डाळीला कीड लागली, पिठाला जाळी धरली, शेंगदाणे खवट निघाले. सभासद तोंडावर काही बोलत नव्हते, पण पिशव्या घेऊन पुलापलीकडच्या बाजारात जायला लागले होते. कालच्या सभेत कुणीतरी चाचरत शेठचं नाव काढलं आणि सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या.

शेवटी तिने एका दमात सांगून टाकलं. खरेदी आणि कोठार तुम्ही सांभाळा. पगार देऊ. मालकी मात्र सगळ्यांचीच राहील.

तिला वाटलं, आता हा घालूनपाडून बोलणार. वाटेत तिने तशी तयारीही केली होती. पण शेठने एवढंच विचारलं, "पोती भिंतीला टेकवून ठेवलीत का?"

"हो."

"ती आधी पुढे ओढा, भिंतीची ओल लागते. उद्या सकाळी येतोच मी."

त्याच्या आवाजात इतकी घाई होती की शिवणवालीला त्याच्याकडे बघवेना. एकदाचं झालं म्हणून ती उठली, तोच आतून शेठची बायको बाहेर आली.

"हे येणार नाहीत," ती म्हणाली.

शेठ काहीतरी पुटपुटला. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही.

"वहिनी, पगार कमी वाटत असेल तर—"

"पगाराचं नाही बोलत मी. आधी मला सभासद करा. मग ह्यांना न्या."

दुकानात माल फक्त सभासदांना मिळायचा, आणि व्यापाऱ्याच्या घरातल्या कुणालाच सभासद करायचं नाही, हा नियम शिवणवालीनेच हट्टाने घालून घेतला होता. निदान घरच्या बायकांना तरी वगळू नका, असं दोघं-तिघं म्हणाले होते. तिने ऐकलं नव्हतं. मध्यंतरी शेठ जुलाबाने आडवा झाला, तेव्हा त्याला साखर-मिठाचं पाणी द्यायला ही बाई वाटीभर साखर मागायला दुकानात आली होती. त्या दिवशी गल्ल्यावर शिवणवालीच होती. चारचौघांसमोर तिने बाईला नियम ऐकवला. बाई रिकामी वाटी घेऊन माघारी फिरली. साखर मग तिला कुठे मिळाली, मिळाली तरी का, हे शिवणवालीने कधी कुणाला विचारलं नाही. पण बरेच दिवस तिचं शिवणकामात मन लागत नव्हतं.

"सभा बोलवावी लागेल," ती म्हणाली. "माझ्या एकटीच्या हातात नाही ते."

"नियम घालताना तुमच्या एकटीच्या हातात होतं म्हणे."

शेठ मध्ये पडला. राहू दे म्हणाला, मला काम मिळतंय तेवढं पुरे, दिवस तरी जाईल.

"तुमचा जाईल," बायको म्हणाली. "मी वर्षभर पुलापलीकडून पीठ वाहून आणतेय."

एवढं बोलून ती आत गेली आणि पिशवी घेऊन आली. चपला पायात सरकवल्या. "चला. दुकान उघडंच असेल."

शिवणवालीला नाही म्हणता आलं नाही. रस्त्याने ती भरभर चालायला लागली, मग आपण पळ काढतोय असं दिसेल म्हणून हळू झाली. शेठच्या बायकोने आपली चाल बदलली नाही. दारादारांतून माना वळत होत्या. वखारीचं वळण आलं तशी शिवणवाली हलक्या आवाजात म्हणाली, "बाजूच्या दाराने या. काय हवं ते मी काढून देते."

"नको," शेठची बायको म्हणाली. ती सरळ जाऊन रांगेच्या शेवटी उभी राहिली.

रांगेतली बोलणी थांबली. त्या दिवशी गल्ल्यावर सुताराची पाळी होती. तराजू हातात धरून तो अध्यक्षबाईंकडे बघत राहिला. काय करू, असं त्याने नुसत्या भुवयांनी विचारलं.

"नंबर आला की द्या त्यांना," शिवणवाली म्हणाली. "सभेत काय सांगायचं ते मी सांगते."

तिची रोजची जागा गल्ल्यामागे होती. फळी उचलून आत जायला ती दोन पावलं पुढे गेली, थांबली, आणि परत फिरली. रांगेच्या टोकाला, शेठच्या बायकोच्या मागे जाऊन उभी राहिली. तिला काही घ्यायचं नव्हतं. हातात पिशवीसुद्धा नव्हती, त्यामुळे हातांचं काय करावं तिला कळेना.

वखारीची सावली तिथवर पोचत नव्हती. तिच्या डोक्यावर ऊन होतं. पुढे उभी असलेली शेठची बायको मागे न बघताच जरा पुढे सरकली, आणि तिला सावलीत जागा झाली.