पुरणार नाही म्हणून
“जुनी गाडी का काढताय, साहेब?” नव्या इलेक्ट्रिक गाडीचं दार उघडत सेल्समनने विचारलं. “दगा दिला तिने,” तो म्हणाला. पुढचं त्याला आता तोंडपाठ झालं होतं. “आईला हॉस्पिटलात नेत होतो. बॅटरी पुरणार नाही म्हणून चार्जिंगला थांबलो. तिथे ही रांग! नंबर लागायच्या आत आई गेली.” सेल्समन हळहळला. “ही एका दमात दुप्पट जाते.” नव्या गाडीत मागच्या सीटवर वडील बसून पाहत होते. त्या दिवशी आईचं डोकं त्यांच्याच मांडीवर होतं. “बाबा, ही घेऊया. पुन्हा तशी वेळ यायला नको.” वडिलांचा हात रिकाम्या सीटवरून फिरत राहिला. “ती गेल्यावर रांगेतून तू गाडी बाहेर काढलीस,” ते हळूच म्हणाले, “मग चार्ज न करताच आईला हॉस्पिटलात नेलंस. पोहोचलो ना रे आपण?” तो सेल्समनकडे वळला. “रेंज किती म्हणालात हिची?”