हातभर साम्राज्य

कासूच्या मोकल सरांनी गावात पहिला पॉवर टिलर आणला, आणि त्या सालापासून त्यांच्या नि बायजाबाईच्या शेतामधला बांध दरवर्षी हातभर तिच्याकडे सरकायला लागला. नवरा गेल्यापासून मायलेकी त्याच एका तुकड्यावर जगत होत्या.

"सर, बांध परत कोरलाव तुमी!"

"यंत्र हाय वयनी, त्याला काय तुझा-माझा कळतंय?"

"कळत नाय, तर दर साली माझ्याच बाजूला कसा वळतंय?"

सरांना शाळेला उशीर होत होता.

नववीच्या वर्गात त्यांनी जपानला उभा सोलला. "नवा सम्राट, नवं सरकार! रेल्वे आली, कारखाने आले, तोफा आल्या. आणि एवढं सुधारून पहिलं काम काय केलं? शेजाऱ्याची जमीन ढापली! लाज नाही वाटली मेल्यांना?" संतापाने त्यांच्या हातातला खडू मोडला. "सांगा, अख्खं जग सोडून कोरियाच का गिळला?"

कोणी म्हणालं कोळसा, कोणी म्हणालं भात. मग बायजाबाईची नमिता उभी राहिली.



"कोरियाच्या घरात बाप्या माणूस नव्हता, सर."