मायनसवरची काट

विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाला साठ मुलं होती. कॅल्क्युलसच्या परीक्षेत कॉस एक्सचं डेरिव्हेटिव्ह एकोणसाठ जणांनी साइन एक्स लिहिलं आणि गुण मिळवले. एका मुलीने एकटीने मायनस साइन एक्स लिहिलं. सरांनी मायनसवर लाल काट मारली आणि त्या एका गुणाने ती नापास झाली.

ती पुस्तक घेऊन सरांकडे गेली.

"सर, इथे मायनस आहे."

सरांनी पुस्तकाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "छपाईची चूक असेल. तीस वर्षं मी हेच शिकवतोय."

मग ती चार पुस्तकं काखोटीला मारून थेट विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये गेली. त्यांनी चारही पुस्तकं चाळली, कागदावर आलेख काढला, खोडला, पुन्हा काढला. मग उठून दार लावून घेतलं.

"बाळ, तुझंच बरोबर आहे."

तिचा जीव भांड्यात पडला. "मग माझा गुण, सर?"

"आत्ता वाढवून देतो. पण बाहेर ब्र काढायचा नाही," विभागप्रमुख कपाळावरचा घाम पुसत म्हणाले. "मीही त्या सरांचाच विद्यार्थी. माझा पीएचडीचा अख्खा प्रबंध या प्लसवर उभा आहे."